विश्लेषण : पावसामुळे पुण्यात अडकलात? मंडईच्या छपराखालचे ‘वनस्पती उद्यान’ कसे पाहाल?

जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याला फिरायला आलेल्यांचा एखादा तरी बेत पाऊस हमखास मोडतो. सिंहगड ढगात हरवलेला, घाटातल्या धबधब्यांवर जायला मनाई, खडकवासल्यातून पाणी सोडल्याने भिडे पूल मुठेखाली आणि परतीची गाडी थेट संध्याकाळची. अशा दिवशी परदेशात पर्यटक काचघरातल्या वनस्पती उद्यानाचे तिकीट काढतात. पुण्यात तसे मोठे काचघर नाही. मात्र १८८६पासून उभ्या असलेल्या एका दगडी इमारतीत पावसाळाभर वेली, कंद, कोंब, पाने आणि फुले मांडलेली असतात आणि तिथे जायला तिकीट लागत नाही. महात्मा फुले मंडईकडे भाजी घ्यायला नव्हे, झाडे पाहायला गेलो तर काय दिसते, याचा हा आढावा.

पावसाळी सहलीला छप्पर का हवे?

गेल्या काही पावसाळ्यांनी याचे उत्तर कठोरपणे दिले आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जणांना वाहून जाऊन जीव गमवावा लागला. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर पावसाचा जोर वाढला की धबधबे, धरणे आणि घाटातल्या ठिकाणांवर जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढते. म्हणजे ऐन हिरवाईच्या दिवसांत हिरवाईकडे जाण्याचे रस्ते बंद असतात. शहरातली बागही अशा दिवशी फारशी कामाला येत नाही. एम्प्रेस गार्डन सुंदर आहे, तिथली गारंबीची महावेल एकदा तरी पाहावी अशी आहे; पण मुसळधार पावसात तिच्याखाली उभे राहण्यात अर्थ नाही.

काचघर आणि मंडई यांचा संबंध काय?

काचघर ही मुळात थंड देशांची गरज. केळ, अळू, आले, ताड अशी उष्ण प्रदेशातली झाडे लंडनच्या हिवाळ्यात मरत, म्हणून त्यांच्यासाठी लोखंड आणि काचेची घरे उभी राहिली. क्यू उद्यानातले पाम हाउस १८४८मध्ये पूर्ण झाले. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये काचेवरचा कर रद्द झाला, काच स्वस्त झाली आणि १८५१च्या क्रिस्टल पॅलेसने साऱ्या जगाला या बांधकामाची भुरळ पाडली. बेंगळूरुच्या लालबागेतील काचघराची पायाभरणी १८८९मध्ये झाली. तिथली पुष्पप्रदर्शने आजही गर्दी खेचतात. सिंगापूरमध्ये २०१२मध्ये खुल्या झालेल्या दोन वातानुकूलित काचघरांनी तर आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात कायमची जागा मिळवली आहे.

आता यातला विरोधाभास पाहा. लंडनच्या काचघरात कुंडीवर पाटी लावून जी झाडे ‘दूरदेशीची नवलाई’ म्हणून दाखवली जातात, त्यातली निम्मी पुण्यात जुडीने विकली जातात. तिथे ऊब कोंडून ठेवायला छप्पर लागते, इथे पाऊस अडवायला. लालबागेच्या काचघरापेक्षा मंडईची इमारत तीन वर्षांनी मोठी आहे. दोन्ही वास्तू एकाच काळातल्या. एकीत झाड शोभेसाठी आले आणि दुसरीत पोटासाठी, इतकाच काय तो फरक.

इमारत कोणाची, नाव कोणाचे?

त्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरत असे. नगरपालिकेने तो शुक्रवार पेठेत हलवून त्याच्यासाठी गॉथिक धाटणीची, अष्टकोनी मध्यभागाची आणि चहूबाजूंना भुजा पसरलेली पक्की इमारत बांधली. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला ‘रे मार्केट’ म्हटले गेले.

या खर्चाला ठाम विरोध करणाऱ्यांत एक नाव होते जोतीराव फुले यांचे. १८७६ ते १८८२ या काळात ते नगरपालिकेचे सदस्य होते. टोलेजंग बाजारावर पैसा ओतण्यापेक्षा तो गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने याच इमारतीला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. नियतीचा खेळ म्हणावा तर आणखी एक गोष्ट त्यात बसते. फुले घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे; पेशव्यांकडे फुले पुरवण्याच्या व्यवसायामुळे ते ‘फुले’ झाले. तेव्हा फळा-फुलांच्या या बाजाराला ते नाव शोभते, आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्याने बाजाराच्या दिमाखाविषयी विचारलेला प्रश्नही तिथे उभे राहिल्यावर आठवावा असाच आहे.

घाऊक व्यापार आता गुलटेकडीच्या मार्केट यार्डात चालतो. मंडईत उरला आहे तो किरकोळ बाजार. आपल्या कामासाठी तेच बरे, कारण गोणीत भरलेल्या मालात झाड दिसत नाही, वाट्यात आणि जुडीत दिसते.

न भिजता पोहोचायचे कसे?

पुणे रेल्वे स्थानकातून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून स्वारगेटकडे जाणारी गाडी पकडायची. कसबा पेठेनंतरचे स्थानक मंडई. हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. तो खरे तर तीन दिवस आधीच सुरू व्हायचा होता, पण मुसळधार पावसाने उद्घाटनाचा कार्यक्रमच रद्द करावा लागला. स्वारगेटला एसटीने उतरणाऱ्यांना तर मंडई एका स्थानकावर आहे. चप्पल पकड असलेली घाला. मंडईतली फरशी पावसाळ्यात पाणी आणि पाल्याने निसरडी होते. सकाळी लवकर गेलात तर पाने ताजी आणि विक्रेते बोलायच्या मनःस्थितीत असतात. निदान एक जुडी तरी विकत घ्या. नुसते फोटो काढत, ओट्यासमोरची जागा अडवून ‘ही कोणती भाजी, ती कोणती?’ विचारणाऱ्याला मंडईत मिळणारे उत्तर छापण्याजोगे असेलच असे नाही. पाव किलो दोडका तोलून घेतल्यावर मात्र त्याच मावशी दोडक्याची सारी कुंडली सांगतात.

सुरुवात कुठून करावी?

वेलींपासून. दुधी, दोडका, घोसाळे, पडवळ, कारले, काकडी, तोंडली, लाल भोपळा, कोहळा ही सगळी एकाच कुळातली भावंडे. बहुतेकांत एकाच वेलीवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फूल ओळखायला सोपे, त्याच्या मागे देठाच्या जागी इवलेसे फळ आधीच तयार असते. लाल भोपळ्याचे मोठे पिवळे फूल सकाळी उमलते आणि मधमाशांची वाट पाहते. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते. पडवळाचे फूल तर रात्रीचे, कडेने पांढऱ्या झालरीचे धागे सोडलेले; त्याचे पाहुणे म्हणजे पतंग. अंधारात पांढरा रंग उठून दिसतो, म्हणून रात्रीच्या फुलांना बहुधा तोच रंग असतो.

या घराण्यातले पावसाळी आकर्षण म्हणजे करटोली, कुठे कंटोली म्हणतात. छोटे, हिरवे, अंगभर मऊ काटे. कारल्याचे हे जवळचे नातेवाईक, पण कडू नाही. त्याचा भाव ऐकून अनेक जण पुढे सरकतात. भाव का चढा, याचे उत्तर वनस्पतिशास्त्रात आहे. करटोलीत नर आणि मादी वेलीच वेगळ्या असतात. नर वेलीला फळ कधीच धरत नाही आणि तो नसेल तर मादी वेलीलाही धरत नाही. बी पेरले तर उगवलेला वेल नर की मादी, हे फूल येईपर्यंत कळत नाही. म्हणून लागवड करणारे कंद लावणे पसंत करतात, त्यात मोजके नर वेल राखतात आणि काही जण हाताने परागीकरण करतात. रानातले करटोले तर शोधून, काट्याकुट्यांतून तोडून आणावे लागते. वाट्यातले एखादे पिकून केशरी झाले असेल तर मागून घ्या, आतल्या लालभडक बिया मुलांना दाखवण्यासारख्या असतात.

याच कुळाची एक धोक्याची बाजूही आहे. दुधी, काकडी, दोडका यांत कधी कधी कुकुरबिटासिन नावाचे कडू द्रव्य जास्त तयार होते. ते शिजवूनही जात नाही. कडू दुधीचा रस ‘औषधी’ समजून प्यायल्याने जिवावर बेतल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. नियम सोपा आहे. चिरल्यावर एक छोटा तुकडा जिभेला लावून पाहायचा. कडू लागला तर थुंकायचा आणि सगळा दुधी टाकून द्यायचा. पैसे वाया गेले तरी चालतील.

पालेभाज्यांचे नातेसंबंध कसे ओळखायचे?

इथे खरी गंमत येते, कारण स्वयंपाकघरातली वर्गवारी आणि वनस्पतिशास्त्रातली वर्गवारी जुळतेच असे नाही. माठ, तांदुळजा, राजगिरा, पालक, चाकवत आणि बीट ही एका कुळातली मंडळी. रानातून येणारा कुर्डूही त्यांच्यातलाच. बागेत लावतो तो मखमली तुऱ्याचा कोंबडा हे तर कुर्डूचेच निवडून वाढवलेले रूप. पूजेच्या पत्रीतला आघाडाही याच घरातला.

अंबाडी ही भेंडीची, जास्वंदीची आणि कापसाची बहीण. भेंडीचे पिवळे फूल कधी पाहिले असेल तर जास्वंदीचा चेहरा लगेच आठवतो. भेंडीची तार आणि जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीतपणा हे एकाच वंशाचे लक्षण.

घोळ ही जमिनीलगत पसरणारी, जाडसर पानांची आंबूस भाजी. कुंडीत लावतो त्या ‘ऑफिस टाइम’ फुलाची ती सख्खी नातेवाईक. घोळ ओळखण्याची एक युक्ती लक्षात ठेवावी. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या काही तणांचे देठ मोडले की पांढरा चीक येतो. घोळीला चीक नसतो. चीक दिसला की ती जुडी खाण्याची नाही.

‘अळवावरचे पाणी’ का टिकत नाही?

मंडईत अळूच्या गड्ड्यांशेजारी पानांच्या चळती लावलेल्या असतात. त्यावर पावसाचे थेंब पडले की पाऱ्यासारखे घरंगळतात. क्षणभंगुरतेसाठी मराठीने उचललेली ही उपमा शास्त्रदृष्ट्याही अचूक आहे. पानाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म उंचवटे आणि त्यावर मेणाचा थर असतो. थेंबाला पानाला चिकटायला पुरेशी जागाच मिळत नाही, तो गोलच राहतो आणि जाता जाता धूळही घेऊन जातो. कमळाच्या पानाचेही तसेच.

खाजेचे कारण वेगळे. अळूच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते तोंडाला, घशाला टोचतात. म्हणून अळूला चिंच, कोकम किंवा ताकाची जोड द्यायची आणि ते नीट शिजवायचे, ही रीत पडली. वडीसाठी काळसर देठाचे अळू मागायचे, पातळ भाजीसाठी हिरव्या देठाचे. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी अळू, पालक, माठ, घोळ यांबाबत आपल्या डॉक्टरांना विचारलेले बरे.

सुरण अळूच्याच कुळातला आणि पहिल्या पावसात जमिनीतून वर येणारे शेवळे हे सुरणाचे भावंड. शेवळ्याचे पान नंतर येते, आधी थेट फुलोरा. आणि आपण खातो तो हाच फुलोरा. त्याची खाज मारण्यासाठी काकडाची आंबट फळे बरोबर विकली जातात. ठाणे-रायगडच्या बाजारांत शेवळे अधिक दिसते, पुण्यात नशिबाने. दिसले तर सोडू नका, पण ते निवडायचे कसे हे माहीत असलेल्या व्यक्तीला फोन करूनच पिशवीत टाका.

रानभाज्या पाहताना काय लक्षात ठेवावे?

मुख्य इमारतीच्या ओट्यांवरचा माल शेतातला. रानातला पाहायचा तर मंडईच्या कडेने, प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर ताणून पाटी घेऊन बसलेल्या बायांकडे वळावे. तिथली दुनिया आठवड्याआठवड्याला बदलते. पावसाच्या सुरुवातीला टाकळा येतो. विदर्भात त्यालाच तरोटा म्हणतात. त्याची पाने संध्याकाळ झाली की मिटतात, चिंचेसारखी. कोवळा असेतोवरच तो भाजीचा, पुढे शेंगा धरल्या की फक्त तण. फोडशीची पाती गवतासारखी दिसते, चव मात्र कांद्याच्या पातीच्या जवळची. शहरी दिवाणखान्यात टांगलेले ‘स्पायडर प्लांट’ तिच्याच जातकुळीतले, आणि औषधासाठी जिची मुळे खणून काढली जातात ती सफेद मुसळीही. भारंगीची पाने कडसर, उकडून पाणी पिळून टाकावे लागते. बांबूचे कोंब तर चिरून भिजवल्या-उकळल्याशिवाय खायचेच नाहीत, कारण कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारे घटक असतात.

या माहितीत एक सूत्र आहे. जवळजवळ प्रत्येक रानभाजीला तिची एक वेळ, एक भाग आणि एक कृती आहे. कोवळे पान चालते, जून चालत नाही. देठ चालतो, मूळ चालत नाही. उकळून पहिले पाणी टाकायचे की नाही, हे ज्याच्या त्याच्यावर. हे ज्ञान भाजीबरोबर पिशवीत येत नाही, ते विकणारीच्या तोंडी असते. म्हणून ‘ताई, ही कशी करायची?’ हा प्रश्न रानभाजी घेताना भावापेक्षा महत्त्वाचा. विकणारीला उत्तर देता आले नाही तर भाजी घेऊ नये. समाजमाध्यमावरच्या छायाचित्रावरून ओळख पटवून डोंगरावरून स्वतः पाला किंवा अळंबी तोडून आणणे हा प्रकार तर पूर्णपणे टाळावा. अळंबीच्या विषारी आणि खाण्याच्या जाती दिसायला इतक्या सारख्या असतात की जाणकारही सावध असतात.

दहा मिनिटांत घरपोच भाजी आणणाऱ्या अ‍ॅपवर टाकळा शोधून पाहा. तो तिथे क्वचितच सापडेल आणि त्यामागे कोणाचा कट नाही. जी भाजी तोडल्यापासून दिवसभरात मलूल होते, जिचा हंगाम तीन आठवड्यांचा, जिचा पुरवठा किती हे आदल्या दिवशीही सांगता येत नाही, ती गोदामाच्या हिशेबात बसत नाही. ती पाटीतच बसते. त्यामुळे मंडईतले गिऱ्हाईक घटले तर कांदा-बटाटा दुसरीकडे मिळेलच. अडचण होईल ती पहाटे डोंगर उतरून एसटीने पाटी आणणाऱ्या बाईची आणि तिला ठाऊक असलेल्या भाज्यांची. राज्याचा कृषी विभाग ऑगस्टमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो, ते स्वागतार्हच आहे. पण महोत्सव एक-दोन दिवसांचा असतो आणि चूल रोजची.

या झाडांची नोंद पुण्यात कोणी ठेवली?

आजच्या सीओईपीचे, म्हणजे तेव्हाच्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ लिहिला, तो १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. आजही सह्याद्रीतल्या झाडाची ओळख पटवताना अभ्यासक तो उघडतात. त्यात शास्त्रीय नावांसोबत लोकांच्या तोंडची मराठी नावेही आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५पासून पुण्यात आहे आणि तिथे वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरावर, बुधवार पेठेतल्या वाड्यात विजेविना आयुष्य काढणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. हेमा साने यांनी मराठीत झाडांविषयी भरपूर लिहिले. त्यांची पुस्तके अप्पा बळवंत चौकात विचारावीत. पाऊस थांबेपर्यंतचा वेळ चांगला जाईल.

उपवासाची टोपली ‘देशी’ आहे का?

आषाढी एकादशीच्या आधी मंडईत जा आणि उपवासाचे सामान एका बाजूला मांडा. बटाटा, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि साबुदाणा. ही सर्व मूळची अमेरिका खंडातली पिके. कोलंबसाच्या सफरीनंतरच ती जगभर पसरली. आपल्याकडे त्यातली बरीचशी पोर्तुगीजांच्या जहाजांनी आणली. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही तिकडचा. राजगिऱ्याचा दाणासुद्धा मेक्सिकोकडचा मानला जातो. टोपलीत खरी आपली म्हणावी अशी वरई, आणि तिला मात्र आपण ‘भगर’ म्हणून दुय्यम वागवतो.

एवढ्यावर थांबत नाही. टोमॅटो, पेरू, पपई, अननस, काजू आणि श्रावणाच्या सुमारास सासवड-पुरंदरकडून येणारे सीताफळ हेही पाहुणेच. सीताफळाचा प्रत्येक डोळा म्हणजे एकाच फुलातल्या एकेका बीजकोशाचे फळ. अनेक फळे चिकटून एक झालेली. हाराच्या दुकानातला झेंडूदेखील मेक्सिकोचा, आणि तेही एक फूल नसून शेकडो बारीक फुलांचा गुच्छ आहे. पाकळी ओढून पाहा, तिच्या टोकाला स्वतंत्र फुलाची रचना दिसते. हे सगळे ऐकून कोणाच्या भावना दुखावण्याचे कारण नाही. चारशे वर्षांपूर्वी आलेल्याला पुण्यात अजून ‘बाहेरचा’ म्हणत असतील, तर ते फक्त माणसांच्या बाबतीत.

पत्रीचे एकवीस प्रकार खरेच मिळतात का?

श्रावणातल्या मंगळागौरीपासून हरितालिका आणि गणेश चतुर्थीपर्यंत मंडईच्या परिसरात पत्रीचे ढीग लागतात. गणपतीच्या प्रचलित यादीत मधुमालती, माका, बेल, दूर्वा, बोर, धोतरा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा आणि अगस्ति म्हणजे हादगा अशी नावे येतात. यादी म्हणून पाहिली तर हा वनस्पतींच्या ओळखीचा उत्तम अभ्यासक्रम आहे. गवत, झुडूप, वेल, महावृक्ष, पाणथळीची केवड्याची जाळी, सगळे त्यात आहे. धोतरा आणि कण्हेर विषारी असल्याने मुलांच्या हाती देऊ नयेत, हेही त्यातच शिकायचे.

ढिगात मात्र ही यादी क्वचितच असते. देवदार हिमालयातला वृक्ष, सह्याद्रीच्या रानात तो उगवत नाही. तेव्हा ‘देवदार’ म्हणून जुडीत काय बांधले आहे, हे विचारून पाहाच. शमीच्या नावाखाली दुसरीच बारीक पाने, अर्जुनाऐवजी हाताला लागेल तो पाला, असे होते. दसऱ्याला आपट्याच्या जागी कांचनाची पाने खपतात, तशातलाच प्रकार. दोष केवळ विकणाऱ्याचा नाही. घेणाऱ्यालाच पाने ओळखता येत नसतील तर अचूक पत्री गोळा करण्याचे कष्ट कोणी का घ्यावेत? आणि मागणी ‘मोठ्या जुडीची’ असेल तर शहराभोवतीच्या टेकड्यांवरची झुडपे ओरबाडली जातात, ऐन फुलोऱ्याच्या काळात. एकवीसच्या आग्रहाऐवजी पाच-सात पाने खरी, ओळखून आणि विचारून घेतली तर पूजेत उणे पडेल असे वाटत नाही. दूर्वा, तुळस, डाळिंब, जाई तर कुंडीतही होतात.

गाडीत बसण्यापूर्वी काय न्यावे, कसे न्यावे?

लांबच्या प्रवासाला करटोली, सुरण, कच्ची केळी, आंबेहळद ही टिकणारी मंडळी बरी. ओली करटोली कागदावर पसरून कोरडी करावीत आणि कापडी पिशवीत ठेवावीत. पालेभाजी प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधली तर पावसाळी दमट हवेत सकाळपर्यंत काळी पडते. वर्तमानपत्रात सैल गुंडाळून पिशवीचे तोंड उघडे ठेवावे. अळूची पाने एकावर एक ठेवून सुरळी करावी, देठ कापू नयेत. घडी घातली की पान शिरेवर मोडते आणि वडीला भोक पडते. टाकळा आणि भारंगी त्याच रात्री घरी पोहोचणार असाल तरच घ्या. केळफूल घेतलेत तर बाहेरची लाल पाने काढू नका. आतली फुले त्यांच्या आड दोन दिवस ताजी राहतात. हळदीची पाने मिळाली तर तीही घ्या, गणपतीच्या दिवसांत पातोळ्यांना लागतात आणि पिशवीला प्रवासभर वास छान येतो.